आज्ञावलीचा परवाना : मुक्त की व्यापारी?

संगणकाच्या आज्ञावलीला कोणता परवाना द्यावा, या प्रश्नाचा विचार पुष्कळदा ‘फुकट की विकत’ अशा रूपाने केला जातो. ही मांडणी अपुरी आहे. मुक्तस्रोत आज्ञावली विकताही येते आणि व्यापारी आज्ञावली कित्येकदा फुकट वाटली जाते. खरा भेद किमतीचा नसून अधिकारांचा आहे. मूळ संहिता पाहण्याचा, तीत बदल करण्याचा व ती पुढे देण्याचा अधिकार घेणाऱ्यास मिळतो की नाही, हे पाहिले पाहिजे.

मुक्त परवान्यांचेही स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एमआयटी किंवा बीएसडी यांसारखे परवाने फारशा अटी घालीत नाहीत. मूळ कर्त्याची स्वामित्वसूचना राखली, की ती संहिता बंदिस्त आज्ञावलीतही वापरता येते. याउलट जीपीएल परवान्याची संहिता घेऊन तीवर रचलेली आज्ञावली जो इतरांस वितरित करील, त्याने तीही त्याच परवान्याखाली, मूळ संहितेसह दिली पाहिजे.

या कडक अटीचाच व्यापारासाठी उपयोग होऊ शकतो. मायएसक्यूएल ही माहितीसंग्रह सांभाळणारी आज्ञावली २००० साली जीपीएलखाली आली. आपली संहिता उघड न करता जे ती स्वतःच्या उत्पादनात घालू इच्छीत, त्यांना तिची स्वीडिश कंपनी निराळा व्यापारी परवाना विकत असे. संहितेचा स्वामित्वहक्क त्या एकाच कंपनीच्या हाती असल्यामुळे हे शक्य झाले. २००८ साली ती कंपनी सनकडे आणि २०१० साली सन ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ साली त्याच संहितेतून मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली. जीपीएलमुळे त्यांना कोणी अडवू शकले नाही. तथापि त्या जुन्या संहितेचा व्यापारी परवाना विकण्याचा अधिकार, स्वतः कर्ते असूनही, त्यांच्यापाशी उरला नव्हता.

यावरून असे दिसते की, एकदा मुक्त केलेली आवृत्ती लोकांकडेच राहते, आणि व्यापारी परवान्याचा अधिकार स्वामित्वहक्काबरोबर जातो. म्हणून परवान्यापूर्वी स्वामी कोण, हे ठरले पाहिजे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. नोकरीच्या कामात रचलेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. विभागातील आज्ञावलीस प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी व बाहेरचे सहकारी असे अनेकांचे हात लागतात. त्यांची लेखी संमती आरंभीच न घेतल्यास पुढे परवाना बदलणे दुष्कर होते.

स्वामित्व निश्चित झाल्यावर निवड हेतूवरून करावी. उद्योगांसह सर्वत्र प्रसार हवा असल्यास एमआयटीसारखा परवाना योग्य; सुधारणा मुक्त राहाव्यात व उत्पन्नाची वाटही मोकळी असावी, तर जीपीएल आणि एकहाती स्वामित्व. केवळ बंदिस्त परवाना पत्करणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावे की, ज्या संशोधनाचे निष्कर्ष आज्ञावलीवर अवलंबून आहेत, त्याची पडताळणी संहिता पाहिल्यावाचून पुरी होत नाही.