पट्ट्यांच्या वाहनाचा लगाम



रस्त्याच्या कामावर पोकलेन यंत्र वळताना आपण सर्वांनी पाहिले असेल. त्याला मोटारीसारखे दिशा बदलणारे चाक नसते. एका बाजूचा पट्टा थांबतो, दुसऱ्या बाजूचा चालतो आणि ते अजस्र धूड जागच्या जागी फिरते. गाडीवान एका बैलाला आवरून दुसऱ्याला पुढे काढतो, त्यातलाच हा प्रकार. आता अशा वाहनावर गाडीवानच नसेल आणि तो दोन-तीनशे हात दूर उभा राहून बिनतारी आज्ञा देत असेल, तर लगाम कोणाच्या हाती राहावयाचा? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब निकामी करताना ब्रिटिश सैन्यातील तज्ज्ञ प्राणास मुकत होते. तेव्हा लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी विजेवर चालणाऱ्या हातगाडीच्या सांगाड्यावरून ‘व्हीलबॅरो’ हे दूरनियंत्रित वाहन सिद्ध केले. पुढे त्याला पट्टे आले. माणसाऐवजी यंत्र मरणाच्या दारी जाऊ लागले.

अशा वाहनात प्रत्येक पट्ट्यास एक मोटर असते आणि बॅटरी व मोटर यांच्यामध्ये नियंत्रक बसतो. बॅटरीचा दाब तर ठरलेला, मग वेग कमीजास्त कसा करावयाचा? नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो व तोडतो. निम्मा वेळ जोडलेला असेल तर मोटरीस सरासरी निम्मा दाब मिळतो. दिशा उलटविण्यासाठी चार इलेक्ट्रॉनिक बटणांची, म्हणजे मॉसफेटांची, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी जुळणी करतात. स्वस्तात काम व्हावे म्हणून कोणी रिले वापरतात. परंतु रिलेने वेग हळूहळू वाढविता येत नाही, वाहन हिसके देते; आणि ठिणग्यांनी त्याची टोके एकमेकांस चिकटली, तर थांबण्याची आज्ञा व्यर्थ जाते.

निवड करताना बहुतेकांची चूक होते ती अशी, की ते नेहमीच्या चालीचा हिशेब करतात. समजा, वाहन १५० किलो वजनाचे आहे, बॅटरी २४ व्होल्टची आहे आणि वेग माणसाच्या चालण्याइतका आहे. सपाट जमिनीवर प्रत्येक मोटर चार-पाच अँपिअर प्रवाह घेईल. तेच वाहन ३० अंशांच्या चढावर घातले, की हा आकडा पंचविसापर्यंत जाईल. जागच्या जागी वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासत जातात. तेव्हाही सपाट चालीच्या पाचपट जोर सहज लागतो. आणि दगडात अडकून मोटर फिरेनाशी झाली तर? तिचा रोध एकदशांश ओहम असेल, तर बॅटरी व तारा यांचा रोध सोडून दिल्यास हिशेबाने २४० अँपिअर होतात! भरधाव वाहनाला एकदम उलट आज्ञा दिली, तर क्षणभर याच्याही जवळजवळ दुप्पट.

म्हणून नियंत्रक घ्यावा तो वाईट क्षणाकडे पाहून. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा पुष्कळदा काही सेकंदांपुरता असतो; सतत किती प्रवाह सोसेल, हे विचारावे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, ही गोष्ट बंद पेटीत नियंत्रक बसविताना विसरू नये. आमच्या उदाहरणातील वाहनास प्रत्येक मोटरीमागे सतत ६० अँपिअर सोसणारा, प्रवाहास स्वतः मर्यादा घालणारा आणि वेग क्रमाने वाढविणारा नियंत्रक योग्य होय.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवाहाची. उतारावर किंवा वेग आवरताना मोटरीचा डायनॅमो होतो आणि वीज बॅटरीकडे परत येते. २४ व्होल्टची शिशाची बॅटरी भरली जात असता दाब २८-२९ व्होल्टपर्यंत चढतो, आणि त्याच वेळी फ्यूज उडाला तर त्याहूनही वर जातो. तेव्हा ३६ व्होल्टपेक्षा कमी क्षमतेचा नियंत्रक घेऊच नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: आज्ञाच पोहोचली नाही तर काय? २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात ‘क्विन्स’ हे पट्ट्यांचे यंत्र पाठविले होते. ऑक्टोबरात त्याच्या तारेवरील संपर्क तुटला व ते आतच अडकून पडले. ते जागी राहिले म्हणून निभावले. माणसांच्या गर्दीत असे जड वाहन शेवटची आज्ञा पाळीत चालतच राहिले, तर अनर्थ होईल. म्हणून संदेश थांबताच अर्ध्या सेकंदात नियंत्रकाने मोटरी थांबवाव्यात. चढावर नुसता प्रवाह तोडणे पुरत नाही. तेथे स्प्रिंगने आवळणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक हवा. शिवाय जळालेला मॉसफेट पुष्कळदा तुटत नाही, जोडलेलाच राहतो, आणि आज्ञेवाचून मोटर फिरू शकते. यासाठी नियंत्रकावर अवलंबून नसलेला, बॅटरीचा प्रवाह तोडणारा कॉन्टॅक्टर व त्याचे लाल बटण वेगळे ठेवावे.

वाहन तयार झाले की पहिली परीक्षा ठोकळ्यांवर घ्यावी. पट्टे अधांतरी फिरत असता हातातील प्रेषक बंद करावा आणि पाहावे. पट्टे आपोआप थांबले नाहीत, तर ते वाहन जमिनीवर उतरवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.