सायकलीच्या सुट्या भागांची निवड : पेडणे व डिचोली तालुक्यांपुरता विचार

सायकल ही गरिबाची गाडी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे तिच्या सुट्या भागांची खरेदी-विक्री बहुधा केवळ किमतीकडे पाहून होते. आमच्या मते हा क्रम उलटा होय. सायकल ज्या वाटेने रोज जाणार ती वाट आधी पाहावी. ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे दुकान त्यानंतर पाहावे. आणि किंमत शेवटी पाहावी. उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांत हे तत्त्व कसे लागू पडते, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम वाटेचा विचार. पेडण्याच्या पश्चिमेस मोरजी, मांद्रे, हरमल, केरी ही किनाऱ्यावरची गावे आहेत. तेथील खारा वारा लोखंड खातो. आत मोप्याच्या बाजूस जांभ्या दगडाचा सडा आहे. सड्यावर जाणाऱ्या वाटांना चढउतार चुकत नाहीत. डिचोली तालुक्यात डोंगरांच्या जोडीला लोहखनिजाच्या पट्ट्यातील लाल धूळ आहे. पावसात तिचा चिखल होतो आणि तो चेनीवर व रिमवर कानशीसारखा फिरतो. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या वाटांवर दोन प्रकारचे स्वार भेटतात. एक नित्याचा : विद्यार्थी, कामगार, किंवा मागे पावाची टोपली बांधून भोंगा वाजवीत पहाटे हिंडणारा पोदेर. दुसरा दूरचा प्रवासी : सामान लादून सिंधुदुर्गाकडून येणारा व तेरेखोलच्या फेरीबोटीने केरीस उतरणारा. दोघांची निकड निराळी असली, तरी पाऊस, चढ आणि गंज दोघांनाही सारखेच आहेत.

यास्तव आम्ही ब्रेकांना पहिले स्थान देतो. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीस क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम असते. ती दिसण्यास सुंदर व टिकण्यास उत्तम. परंतु ओली झाली की तिच्यावर रबराची पकड फारच थोडी बसते. भरल्या टोपलीनिशी ओल्या उतारावर ही उणीव जिवावर बेतू शकते. ॲल्युमिनियमची रिम ओलीतही पुष्कळ बरी पकड देते, मात्र लाल चिखलाने ती झिजते. सबब तिच्या कडा वर्षातून एकदा तरी तपासाव्यात व त्या आत वळलेल्या दिसताच रिम बदलावी. हबमध्ये बंदिस्त असलेला ड्रम ब्रेक पावसाची फारशी पर्वा करीत नाही. डिस्क ब्रेक घ्यावयाचा असल्यास तारेने ओढला जाणारा घ्यावा. तेलाच्या दाबावर चालणारा अधिक जोरकस खरा, परंतु त्याची दुरुस्ती प्रत्येक गावी होत नाही. डिस्कचे पॅड अनेक आकारांचे असतात, म्हणून त्यांची एक जोडी गिऱ्हाइकाने सदैव जवळ बाळगावी.

दुसरा विषय टायरचा. येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका पावसाळ्यात पेडण्याकडील एका गिऱ्हाइकास आम्ही ‘२८ इंची’ एवढेच विचारून टायर दिला. तो रिमवर बसेना. बिचारा तीन दिवस पायी कामावर गेला व चौथ्या दिवशी बसने आमच्याकडे परत आला. त्याने एक शब्दही वावगा काढला नाही, पण आम्ही खजील झालो. काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ मिलीमीटर व्यासाच्या रिमवर बसतो; नव्या घडणीच्या ७००-सी टायरवरही पुष्कळदा २८ हाच आकडा असतो, परंतु त्याचा व्यास ६२२ असतो. तीच गत ‘२६ इंची’ची : २६ × १⅜ चा व्यास ५९०, तर डोंगरी सायकलीच्या २६ × १.७५ चा ५५९. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा जुळल्यावाचून टायर देऊ नये, हा धडा आम्ही त्या दिवसापासून पाळीत आलो आहोत.

तिसरा विषय चढाचा. काळ्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ दाते व मागील फ्रीव्हीलला १८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास हेच अंतर ४.४ मीटर होते. सपाटीवर वेग थोडा उणावतो, पण चढावर गुडघ्यांचे कष्ट पाचव्या हिश्श्याने कमी होतात, आणि खर्च एका फ्रीव्हीलचा. फार तर चेनीस एखादी कडी जोडावी लागते. सामान लादलेल्या प्रवाशास मात्र गिअर हवेत. पुढे २८ व मागे ३४ दाते असल्यास एका फेऱ्यात १.८ मीटर अंतर पडते. सड्याच्या चढास ते पुरेसे होय.

चेन झिजली की नाही, हे फूटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावे. नव्या चेनीत तेथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल, तर चेन बदलावी. १/८ इंच सरकेपर्यंत थांबल्यास बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागते.

मागील चाकावर अधिक भार पडतो, म्हणूनच जुन्या कारखानदारांनी पुढे ३२ व मागे ४० स्पोक योजिले. ओझे वाहणाऱ्याने मागे ३६ हून कमी स्पोकांचे चाक घेऊ नये. किनाऱ्यावर ते स्टेनलेस पोलादाचे असावेत. वाटी, कोन व सुटे छर्रे असलेला हब गावातला कारागीर उघडून, ग्रीस भरून पुन्हा बसवू शकतो. बंदिस्त बेअरिंग पाण्यास अधिक काळ दाद देत नाही, परंतु बिघडल्यावर ते सबंध बदलावे लागते. ज्याच्या गावी ते मिळत नाही, त्यास जुनी रीतच हितकर.

आता व्यापाऱ्याविषयी थोडेसे. जो भाग आपण विकतो, त्याचा जोडीदार आपल्या फळीवर असावा : रिम विकली तर तिच्या मापाचे टायर-ट्यूब, ब्रेक विकला तर त्याचे रबर. अन्यथा विक्री होते, पण गिऱ्हाईक वाटेत अडकते. पहाटेच्या पावसात उताराला लागलेल्या पोदेराने ब्रेक दाबला आणि सायकल थांबली, तर आपल्या धंद्याचे चीज झाले असे आम्ही समजतो.