पाचशे बारा एमबीत काय मावतं

लखनौमधल्या निशातगंजच्या गल्लीत खाली स्टेशनरीचं दुकान आणि वर आमची टीम. पुण्याहून मी इथे आलो ते औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर फोडून त्याच्या लहान सेवा करायला. जुनं म्हणजे एकच अवाढव्य वॉर फाइल. टॉमकॅटमध्ये टाकायची आणि हात जोडायचे.

पहिला वाद फ्रेमवर्कचा. स्प्रिंग बूट २०१४ पासूनचं, सगळ्यांच्या हातातलं. समोर २०१८ चं मायक्रोनॉट आणि रेड हॅटने २०१९ मध्ये आणलेलं क्वार्कस. स्प्रिंग सुरू होताना क्लास धुंडाळतं, अ‍ॅनोटेशन वाचतं, रिफ्लेक्शनने जोडणी करतं. बाकीचे दोघे यातलं बरंचसं काम बिल्डच्या वेळीच उरकतात, म्हणून चटकन उठतात आणि मेमरीही कमी खातात. "सर, एक बार चलाकर तो देखिए," असं म्हणत पोरांनी क्वार्कस चालवून दाखवलं. फरक डोळ्यांना दिसला. पण आमची बिलाची सेवा एकदा उठली की पुढच्या रिलीजपर्यंत उभीच असते. तिने दोन सेकंद लवकर उठून करायचं काय?

ग्रालव्हीएमची नेटिव्ह बायनरी करायचाही मोह झाला. तिथे रिफ्लेक्शनने लागणारे क्लास आधीच सांगून ठेवावे लागतात, आणि हिंदी अक्षरांत बिलाचं पीडीएफ करणारी आमची लायब्ररी नेमकी रिफ्लेक्शनवरच जगते. त्यात बिल्ड लांबलचक, आणि जूनमधली लखनौची लाइट. नाद सोडला.

खरे दिवस खाल्ले ते डॉकरने. प्रत्येक सेवेला ५१२ एमबी दिले होते. काहीच सांगितलं नाही तर जेव्हीएम त्यातला चौथा भाग हीपला देते, म्हणजे १२८ एमबी. हे फारच कमी म्हणून एकाने मॅक्सरॅमपर्सेंटेज थेट ९० वर नेलं. पण मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, जेआयटीने तयार केलेला कोड हे सगळं हीपच्या बाहेर राहतं, आणि त्यांनाही जागा लागते. संध्याकाळच्या गर्दीत कर्नलने प्रोसेस मारली. ना एक्सेप्शन, ना स्टॅक ट्रेस. फक्त एक्झिट कोड १३७. पोरं तासभर आपल्याच कोडमध्ये दोष शोधत बसली. तरी हे नवं जावा. जावा ८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना तर कंटेनरची मर्यादा दिसतच नसे. अख्ख्या मशीनची मेमरी आपली समजून त्या हीप आखायच्या. २०१८ मध्ये जावा १० ने ते सुधारलं, मग ८यू१९१ मध्येही ती सुधारणा आली.

आणखी एक गंमत. दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली की जावा २१ ची जेव्हीएम त्या मशीनला सर्व्हर मानत नाही, आणि गुपचूप सिरियल जीसी निवडते. आमच्याकडे जी१ च्या सेटिंगवर तावातावाने चर्चा झाली होती. ते चालूच नव्हतं!

टॉमकॅट काढून जेटी किंवा अंडरटो घालावं, हाही प्रस्ताव आला. टॉमकॅटचे डीफॉल्ट थ्रेड २००, आणि हिकारीसीपीच्या पूलमध्ये डेटाबेसची कनेक्शन डीफॉल्टने १०. गर्दीत बाकीचे १९० नुसते ताटकळतात. वरचं सर्व्हर बदला, जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड आणा, रांग त्या दहांपाशीच लागणार. क्वेरीला इंडेक्स लावला, पूल थोडा वाढवला, प्रस्ताव बारगळला.

शेवटी बिलिंगला स्प्रिंग बूट ३, जावा २१ आणि आतलं टॉमकॅट जसंच्या तसं. हीपची टक्केवारी आणि जीसीचं नाव मात्र आता डॉकरफाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. अंदाजावर काही सोडत नाही. पोरांचं क्वार्कसही वाया गेलं नाही. रात्री साठ्याचा ताळमेळ घालून लगेच बंद होणारी एक सेवा आहे, ती त्यांनी त्यात लिहिली.