पाटाची वाट लांब, तरी लवकर पोचवते

आमची वस्ती माळावर आहे. सणसर आणि आंथुर्णे या गावांच्या मधल्या भागात, नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला. आपली शाळा चौथीपर्यंत आहे. पुढे हायस्कूलला मोठ्या गावात जावे लागते. माझी ताई सातवीत आहे. ती सायकलवर जाते. येत्या जूनमध्ये मी पाचवीला जाणार. तुम्ही सगळे पण जाणार. म्हणून बाई म्हणाल्या, "मुरमाच्या वाटेनं सायकल कशी न्यायची ते तू भित्तिपत्रकात लिही."

आई मला सायकलवर पाठवायला तयार नव्हती. वस्तीवरची एक ताई शाळा लांब पडते म्हणून सहावीतून घरी बसली. ती आता शेरडं राखते. मला घरी बसायचे नव्हते. म्हणून मी आणि ताईने सगळ्या वाटा मोजायच्या ठरवल्या.

वस्तीवरून तीन वाटा आहेत. पहिली डांबरी. हा पाटस, बारामती, इंदापूर असा तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग आहे. आता तो खूप रुंद झाला आहे. डांबरीवर सायकल छान पळते. पण ऊसतोड सुरू झाली की दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस आलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचे दिसत नाही आणि गाण्यामुळे घंटी ऐकू येत नाही. आई म्हणाली, "डांबरीनं न्हाय म्हंजे न्हाय." म्हणून ती वाट आम्ही मोजलीच नाही.

दुसरी वाट माळाची. ती सरळ टेकाडावरून जाते. तिसरी पाटाची, म्हणजे कालव्याच्या भरावावरची. ती वळणावळणाने जाते. दोन्ही वाटा मुरमाच्या आहेत. सगळे म्हणत होते माळाची वाट जवळची, तिनेच जा.

आम्ही वाट अशी मोजली. चाकाला सुतळी गुंडाळून घेर मोजला. तो २ मीटरला थोडा जास्त भरला. मग मागच्या चाकाच्या तारेला तांबडी चिंधी बांधली. ताई सायकल चालवायची आणि मी कॅरेजवर बसून चिंधी मोजायची. शंभर फेऱ्या झाल्या की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. माळाच्या वाटेला १७ चिंचोके झाले. म्हणजे १७०० फेऱ्या, साधारण साडेतीन किलोमीटर. पाटाच्या वाटेला २४ चिंचोके झाले. म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर.

पण घड्याळात उलटेच झाले. माळाने ३१ मिनिटे लागली आणि पाटाने २६. मला वाटले माझेच मोजायचे चुकले. परत दुसऱ्या दिवशी गेलो. तरी पाटाची वाटच लवकर झाली.

आबांना विचारले तर ते हसले. म्हणाले, "अगं, पाणी चढ चढतं का?" मी म्हणलं, "न्हाय." "मग पाटाची वाट तरी कशी चढंल?"

तेव्हा मला समजले. कालव्याचे पाणी वीर धरणाकडून येते. कालवा १८८५ च्या सुमारास इंग्रजांच्या राज्यात झाला. तो सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे. एवढ्या लांब पाणी आपोआप वाहत यायचे तर उतार फारच थोडा ठेवावा लागतो. मध्ये टेकाड आले तर कालवा त्याला वळसा घालतो. म्हणून तो वाकडातिकडा दिसतो. कालव्याच्या खालच्या अंगाला नदीकडे ऊस आहे आणि वरच्या अंगाला कोरडा माळ आहे, तेही यामुळेच. पाणी खाली जाते, वर येत नाही. पाटाची वाट पाण्याबरोबर जाते. तिला चढ नाही, म्हणून पायडल मारायला दम लागत नाही. माळाच्या वाटेला दोनदा उतरून सायकल ढकलावी लागते. त्यात वेळ जातो.

उतारावर तर आणखी वाईट. तिथे मुरूम सुटा असतो. मुरूम म्हणजे काळा खडक उन्हापावसाने झिजून झालेले बारीक खडे. ते चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात. एकदा मी एकटीच उतारावर होते. भ्याले आणि पुढचा ब्रेक गच्च दाबला. पुढचे चाक घसरले. गुडघा फुटला, तो अजून दुखतो. ताईने मग सांगितले ते असे :

उतार लागायच्या आधीच वेग कमी करावा. मागचा ब्रेक हळूहळू दाबावा. वळणावर ब्रेक दाबू नये. हँडल एकदम फिरवू नये. चाकापुढे न बघता लांब बघावे, म्हणजे मोठा दगड आधीच दिसतो. गाड्यांची चाकोरी असते तिथे मुरूम दबलेला असतो, तिच्यातून जावे.

हवेचे पण असेच. मुरमावर चाकात अगदी टणक हवा नको. थोडी कमी असली तर टायर खड्यावर दबतो आणि धक्का कमी बसतो. पण फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिंगमध्ये चेपते आणि पंक्चर होते. हवेचे टायर बेलफास्ट गावातल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी १८८८ साली केले. त्यांच्या मुलाच्या तीन चाकी सायकलला धक्के बसायचे म्हणून. म्हणजे आपल्यासारख्या पोरासाठीच केले.

बाईंनी सांगितले की परदेशात लोक मुद्दाम खडीच्या वाटेने सायकल चालवतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. तिथे २००६ पासून अशी शर्यत होते. तिच्यात दोनशे मैल जायचे असते. त्यांचे टायर रुंद असतात. हे ऐकून आम्ही सगळे हसलो. आपण तर रोजच जातो आणि बक्षीस पण नाही!

आता कोणत्या दिवसांत काय करायचे ते सांगते.

पावसाळा : वस्तीपासून पाटाच्या पुलापर्यंत काळी माती आहे. ती चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये गच्च बसते. मग चाक फिरतच नाही. तेवढे अंतर सायकल हातात धरून न्यावी. माती काढायला एक काटकी जवळ ठेवावी. पुढे मुरूम लागला की बसावे. मुरमात पाणी मुरते, म्हणून तो चिकटत नाही.

हिवाळा : पाटाची वाट सगळ्यात चांगली. चाकोऱ्या दबलेल्या असतात. पण उसाच्या बैलगाड्या आल्या तर खाली उतरून उभे राहावे. बैल बुजतात.

उन्हाळा : वाटेवर फुफाटा होतो. त्याच्याखालचा खड्डा दिसत नाही. सराटे पण वाळलेले असतात. रोज घरी आल्यावर टायर फिरवून बघावा. काटा घुसलेला दिसला आणि हवा जात नसली तर तो वाटेत उपटू नये. पंक्चरवाल्याकडे गेल्यावरच काढावा. आमच्या वर्गातल्या एकाने वाटेतच उपटला आणि दोन किलोमीटर सायकल ढकलली.

आणि सगळ्यात मोठा नियम पाण्याचा. पाळी सुटली की कालवा भरून वाहतो. काठाचा मुरूम ओला होऊन ढासळतो. तेव्हा पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून जायचे. दोघांनी बरोबरीने चालवायची नाही, एकामागे एक. शर्यत तर मुळीच लावायची नाही. हात धुवायला पण पाण्यात उतरायचे नाही. फार पाऊस झाला तर त्या दिवशी पाटाने जायचेच नाही. मे २०२५ मध्ये खूप पाऊस पडला होता, तेव्हा बारामतीजवळ पिंपळी लिमटेकला हाच कालवा फुटला होता. भराव कितीही रुंद दिसला तरी तो मातीचाच आहे.

हे सगळे मी वहीत लिहून आईला वाचून दाखवले. आईने चिंचोके परत मोजले. मग एका रविवारी ती स्वतः आमच्याबरोबर पाटाने चालत आली. येताना म्हणाली, "पाळी सुटली की खाली उतरून चालत जायाचं. आन् ताईला सोडून पुढं पळायचं न्हाय." म्हणजे मी जाणार!

पुलावर आम्हाला त्या घरी बसलेल्या ताईची आई भेटली. तिने ताईला विचारले, "व्हय गं, पाटानं खरंच सव्वीस मिन्टं लागत्यात?" ताई म्हणाली, "व्हय काकू, दोनदा मोजलंय." काकू काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी माझी वही मागून नेली. ती अजून त्यांच्याकडेच आहे. म्हणून हा लेख मी आठवून लिहिला आहे.

मित्रांनो, तुमची वस्ती दुसरीकडे असेल तर तुमची वाट पण मोजा. सुतळी, चिंधी आणि चिंचोके एवढेच लागते. मोजून झाली की इथे खाली जागा ठेवली आहे, तिथे लिहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी