विश्लेषण : मंजूर ४२, हाती २९, हवाई दलाची गाडी अडली कुठे?

मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये समारंभपूर्वक निवृत्त झाली. १९६३ पासूनची त्यांची सेवा संपली आणि हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या आहे ४२. ही दरी कशी पडली आणि ती भरायला वेळ का लागतो आहे?

स्क्वाड्रन कमी झाल्याने नेमके काय बिघडते?

एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने असतात. कागदावर २९ स्क्वाड्रन म्हणजे पाचशेच्या आसपास विमाने. प्रत्यक्षात त्यातली काही दुरुस्तीत, काही मोठ्या देखभालीत, तर काही सुट्या भागांच्या प्रतीक्षेत उभी असतात. सीमेवर चोवीस तास दोन विमानांची गस्त ठेवायची तर दोन विमाने पुरत नाहीत. दोन हवेत असताना दोन निघण्याच्या तयारीत लागतात, दोन परतून इंधन भरत असतात आणि एखाददुसरे राखीव ठेवावे लागते. अशी गस्त पश्चिम आणि उत्तर अशा दोन्ही सीमांवर ठेवायची वेळ आली, की २९ हा आकडा किती तोकडा आहे ते कळते. याचा पहिला फटका सरावाला बसतो. तो बातमीत येत नाही, पण मोहिमेसाठी राखलेले विमान तरुण वैमानिकाच्या प्रशिक्षणाला मिळत नाही.

थोडी विमानेही लढाई फिरवतात, मग संख्येचा आग्रह कशाला?

डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाडे रात्री चालून आले. जैसलमेरच्या तळावर मोजकी हंटर विमाने होती आणि ती रात्री लढू शकत नव्हती. ठाण्यावरच्या जवानांना पहाटेपर्यंत तग धरावा लागला. उजाडताच हंटरनी उघड्या वाळवंटात अडकलेले रणगाडे टिपायला सुरुवात केली आणि चढाई तिथेच मोडली. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर मिराज-२००० विमानांनी लेझरच्या साहाय्याने अचूक बॉम्ब टाकले. दोन्ही ठिकाणी विमाने थोडीच होती, हे खरे. पण दोन्ही वेळा समोरचे हवाई दल त्या आकाशात आडवे आले नव्हते, हा भाग सहसा सांगायचा राहतो.

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’चे चित्र वेगळे होते. पाकिस्तानकडे चिनी बनावटीची जे-१०सी विमाने आणि लांब पल्ल्याची पीएल-१५ क्षेपणास्त्रे होती. भारताने पाकिस्तानी हवाई तळांवर अचूक मारा केला. सुरुवातीच्या टप्प्यात आपलीही विमाने पडल्याचे संरक्षण दलप्रमुखांनी नंतर मान्य केले. तोडीच्या शत्रूशी लढताना नुकसान गृहीत धरावे लागते, आणि ते सोसून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायचे तर पाठीशी संख्या लागते. ड्रोन आणि एस-४००मुळे विमानांची गरज संपली, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. हवेतून सोडायचे ब्रह्मोसही सुखोईच्याच पोटाखाली लटकवावे लागते.

दरी पडली कशी?

विमाने ठरलेल्या वेळी म्हातारी झाली, खरेदी मात्र ठरलेल्या वेळी झाली नाही. १२६ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली आणि २०१५ मध्ये सगळा व्यवहार बारगळला. त्याऐवजी २०१६ च्या करारातून ३६ राफेल आली. त्यांच्या स्क्वाड्रन झाल्या अवघ्या दोन. ११४ विमानांच्या खरेदीची चर्चा २०१८ पासून सुरू आहे. तेजसचा प्रकल्प १९८३ मधला, पहिले उड्डाण २००१ मधले आणि पहिली स्क्वाड्रन २०१६ मधली.

पैशाचीही ओढाताण आहेच. २०२५-२६ मध्ये संरक्षणाची तरतूद सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होती. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे, तर तिन्ही दलांच्या भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. त्यातच पाणबुड्या, तोफा आणि विमाने बसवायची. तरीही सगळा दोष तिजोरीवर ढकलता येणार नाही. तेजस मार्क-१एचे पैसे मंजूर होते, विमानेच आली नाहीत.

नाशिककडे नजर का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा, ६२,३७० कोटींचा. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते. अमेरिकी एफ-४०४ इंजिनांचा पुरवठा रखडला आणि नव्या मागणीतले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती पडले. विमानाचा सांगाडा तयार, पण इंजिन नाही, अशी अवस्था झाली. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी या दिरंगाईवर जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, हे लष्करी शिस्तीच्या चौकटीत दुर्मीळच.

बेंगळूरुच्या दोन उत्पादन साखळ्यांना आता ओझरच्या ‘एचएएल’ कारखान्यातील तिसरीची जोड मिळाली आहे. याच कारखान्याने पूर्वी मिग-२१ आणि नंतर सुखोई बांधली. इथून तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. नाशिकची क्षमता वर्षाला आठ, तिन्ही ठिकाणची मिळून २४. म्हणजे सगळे सुरळीत चालले तरी वर्षाला जेमतेम दीड स्क्वाड्रन.

जुनी विमाने किती काळ साथ देतील?

जग्वार, मिराज आणि मिग-२९ यांची निवृत्ती या दशकाच्या अखेरीपासून सुरू होणे अपेक्षित आहे. जग्वार आता जगात फक्त भारतच वापरतो, त्यामुळे सुटे भाग मिळवणे हीच एक मोहीम झाली आहे. हवेत इंधन भरणारी विमाने तर अवघी सहा, तीही वीस वर्षांपेक्षा जुनी. स्वदेशी पाचव्या पिढीचे ‘अ‍ॅम्का’ २०३५ च्या सुमारास दाखल होईल, असे नियोजन आहे. तोवर नव्या विमानांचा वेग जुन्यांच्या निवृत्तीपेक्षा कमी राहिला, तर २९ हा तळाचा आकडा ठरणार नाही.