बिदरीचं दुकान नव्या पेठेत

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो. पश्चिमेला निघालं की थोड्या वेळात उमरगा येतं, पूर्वेला गेलं की जहीराबाद, आणि भालकीमार्गे उदगीर गाठता येतं. तिन्हीकडे इथल्या लोकांची सोयरीक आहे. एका घरात मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषा ऐकू येतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. हुमनाबाद, भालकी, औराद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, तर जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. लोकांनी हे केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं. राज्यांमधल्या या सीमारेषेचा काच नव्याने जाणवू लागला तो ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर.

समजा, हुमनाबादच्या एखाद्या छोट्या दुकानातून काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली बिदरीची फुलदाणी मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेमार्फत उदगीरच्या गिऱ्हाइकाला विकायची आहे. वर्षाची उलाढाल लाखभर रुपयेच असली तरी जीएसटीची नोंदणी लागते, कारण माल राज्याबाहेर चालला. तीच फुलदाणी सहाशेहून जास्त किलोमीटरवरच्या बंगळुरूला पाठवायची असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीची सक्ती नाही, जीएसटी पोर्टलवरून घेतलेल्या एनरोलमेंट नंबरवर काम भागतं. मात्र हाच दुकानदार बाजारपेठ सोडून स्वतःच्या वेबसाइटवर आला तर उदगीरचाही रस्ता मोकळा होतो. हाताने घडवलेल्या हस्तकला वस्तूंना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत राज्याबाहेर विकायला नोंदणीतून सूट आहे आणि त्या वस्तूंच्या यादीत बिदरीचं नाव आहे. पॅन लागतं, आणि पार्सल कितीही किमतीचं असलं तरी ई-वे बिल काढावं लागतं. म्हणजे दुकान कुठल्या प्लॅटफॉर्मवर मांडलंय यावर आपल्या शेजारच्या गावाला माल विकता येईल की नाही हे ठरतं. प्लॅटफॉर्म बदलण्याचा विचार इथे नुसता कमिशन वाचवण्यापुरता राहत नाही तो यामुळे.

या दुकानात जी वस्तू आहे ती आधी नीट पाहायला हवी, कारण दुकान हलवण्यातल्या निम्म्या अडचणी वस्तूच्या स्वभावातून येतात. बिदरीचा धातू म्हणजे जस्त आणि तांबं, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. एरंडेल आणि राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात ते ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि वरून मोरचूद फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळसर होऊन त्यावर कोरलेली रेघ दिसते. कारागीर पोलादी कलमाने हातानेच नक्षी कोरतो आणि त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. सगळं घासून झालं की वस्तू करडी दिसते, चांदी आणि धातू वेगळे ओळखू येत नाहीत. मग बिदरच्या किल्ल्यातली माती येते. जिथे ऊन-पाऊस पोचत नाही अशा जुन्या जागेतली ही माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून तापवलेल्या वस्तूवर चोळतात. धातू कायमचा काळा पडतो आणि चांदी तशीच लखलखत राहते. माती कामाची आहे का हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतो. मला या कलेतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. प्रयोगशाळेचा दाखला नाही, मोजमाप नाही, पिढ्यांनी शिकवलेली जीभ आहे.

अशी वस्तू विकायची पेठ आजवर अनेकदा बदलली. बहमनी आणि बरीदशाही दरबारात, पुढे निजामाच्या राज्यात सुरया, पानदानं आणि हुक्क्याचे तळ घडले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी मांडली गेली आणि परदेशी संग्रहालयांनी ती घेतली. स्वातंत्र्यानंतर कर्नाटकच्या हस्तकला महामंडळाचं ‘कावेरी’ एम्पोरियम आलं, दिल्ली-मुंबईची प्रदर्शनं आली. सत्कारात स्मृतिचिन्ह म्हणून बिदरी द्यायची पद्धत रुळली. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. मधल्या काळात मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनीही कारागिरांसाठी दारं उघडली. फ्लिपकार्टने २०१९ मध्ये ‘समर्थ’ सुरू केलं, ॲमेझॉनचं ‘कारीगर’ही आलं. २०२३ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाची ‘इंडियाहँडमेड’ ही साइट आली, तिथे कारागीर मधल्या दलालाशिवाय विकू शकतो.

दरबाराकडून एम्पोरियमकडे आणि एम्पोरियमकडून ऑनलाइनकडे जाताना माल हलला, पण गिऱ्हाइकाची ओळख दर वेळी मागे राहिली. एम्पोरियममध्ये घेणाऱ्याला ‘कावेरी’चं नाव लक्षात राही, घडवणाऱ्याचं नाही. ऑनलाइन बाजारपेठेत तेच होतं. ‘कुठून घेतलंस?’ या प्रश्नाला उत्तर कंपनीच्या नावाने येतं. छोट्या दुकानाने प्लॅटफॉर्म बदलताना सगळा जोर या एका गोष्टीवर लावला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपलं काय होतं आणि प्लॅटफॉर्मचं काय होतं, हे आधी वेगळं काढा.

हे वेगळं काढायला बसलं की हिशेब झटकन कळतो. वस्तूंची नावं, वर्णनं, किमती आणि फोटो आपले. गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आणि लिहिलेले अभिप्राय प्लॅटफॉर्मचे. चार वर्षांत जमलेली पत तिथेच राहते, नव्या जागी दुकान शून्यावरून सुरू होतं. गिऱ्हाइकाचा पत्ता पार्सलपुरता मिळतो. त्याचा फोन आणि ईमेल बहुतेक बाजारपेठा विक्रेत्याला देत नाहीत, आणि ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी डब्यात टाकायला मनाई असते. वेबसाइटचा पत्ता मात्र विकत घेतलेला असेल तर आपला. तो प्लॅटफॉर्मच्या नावाला जोडून फुकट घेतलेला असेल, तर दुकान हलल्या दिवशी जुन्या व्हॉट्सॲप निरोपांतली आणि लग्नपत्रिकेसारख्या वाटलेल्या कार्डांवरची प्रत्येक लिंक मेली.

हलवण्याचं खरं काम किचकट आहे आणि ते बहुधा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीच्या गळ्यात पडतं. जुन्या साइटवरून वस्तूंची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवायची आणि नव्या साइटवर चढवायची, एवढंच वरवर दिसतं. फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठी आणि कानडी वर्णनांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात, कारण फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेलला सांगावं लागतं. लांबलचक ऑर्डर क्रमांकांचे शेवटचे आकडे गळून मधोमध ‘ई’ येतो. डिझाइन नंबर १६-१ असेल तर त्याची १६ जानेवारी होते. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही तर नव्या दुकानात सुरईच्या डिझाइन नंबरच्या जागी तारीख दिसते आणि ऑर्डर आली की कुठली सुरई पाठवायची हे कळत नाही. आधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यायचे, मगच फाइल उघडायची, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

फोटोंचंही असंच. बाजारपेठांना पांढरी पार्श्वभूमी हवी असते. तिच्यावर बिदरीचा फोटो मोबाइलने काढला की काळा रंग करडा होतो, नाहीतर चांदी पांढरीफटक होऊन तारेची नक्षी गायब होते. स्वतःच्या साइटवर ही सक्ती नाही. खिडकीच्या उजेडात, मातकट सुती कापडावर ठेवून काढलेला फोटो वस्तूला न्याय देतो. दुकान हलवताना जुनेच फोटो उचलून न नेता ते नव्याने काढले तर मेहनत वाया जात नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दोन्ही दुकानं काही दिवस एकदम चालू ठेवल्यावर. कारखान्याचा माल असेल तर ते सोयीचं असतं. बिदरीची मोठी सुरई मात्र एकच असते. ती संध्याकाळी जुन्या दुकानावर पुण्याच्या गिऱ्हाइकाने घेतली आणि रात्री नव्या दुकानावर हैदराबादच्या, तर एकाला नाही म्हणावं लागतं. जिथे पत शून्यापासून उभी करायची, तिथे पहिलाच अभिप्राय ‘पैसे घेऊन ऑर्डर रद्द केली’ असा पडतो. म्हणून एकेरी वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी मांडाव्यात आणि हलवाहलव आषाढात करावी. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत त्या वाटेला जाऊ नये. पेमेंट गेटवेची केवायसी, बँक खात्याची पडताळणी व्हायला आणि जुन्या बाजारपेठेने अडकवून ठेवलेली शेवटची रक्कम सुटायला वेळ लागतोच. बाजारपेठ विक्रीच्या रकमेतून जो टीसीएस हा कर कापते, त्याचा दर १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला आहे. नोंदणीकृत दुकानदाराने तो जीएसटी पोर्टलवर स्वतः जाऊन स्वीकारला तरच त्याच्या खात्यात जमा होतो. दुकान बंद करून निघताना हे अनेकांकडून राहून जातं.

दुकान हलवलं तर गिऱ्हाईक मागे राहील, ही चिंता जगभरच्या छोट्या दुकानदारांना आहे. एट्सी या हस्तकलेच्या बाजारपेठेने विक्रीवरचं शुल्क ५ वरून ६.५ टक्के केलं, तेव्हा ११ एप्रिल २०२२ पासून आठवडाभर हजारो विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. दर वाढल्याचा राग होताच, पण सोडून जायचं तर गिऱ्हाईक बरोबर नेता येत नाही ही खंतही त्यामागे होती. आपल्याकडे ओएनडीसीने याच जागी हात घातला. २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेली ही सरकारी पाठबळाची ना-नफा कंपनी स्वतः दुकान चालवत नाही. विकणाऱ्याचं ॲप आणि विकत घेणाऱ्याचं ॲप वेगवेगळं असूनही दोघांची गाठ पडावी, असं ते जाळं आहे. विक्रेत्याने आपलं ॲप बदललं तरी समोरचं गिऱ्हाईक त्याच जाळ्यात राहतं. हा विचार मला पटतो, कारण त्यात सोडून जाण्याची मुभा मुळातच धरली आहे.

याच भागातली कलबुर्गीची ज्वारीची रोटी वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या बायकांनी सहकारी पद्धतीने ती ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने विकायला काढली. २९ जून २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचा उल्लेख केला तेव्हा रोज तीन हजारांहून जास्त रोट्या होत होत्या आणि ऑनलाइन ऑर्डरी येत होत्या. रोटी महिन्याला पुन्हा लागते, म्हणून गिऱ्हाईक नाव धरून परत येतं, मग ती कुठल्याही ॲपवर असो. बिदरीची फुलदाणी माणूस आयुष्यात एक-दोनदा घेतो. तिच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाने नाव लक्षात ठेवावं यासाठी जास्त झटावं लागतं.

त्याची एक सोय कायद्यात आहे आणि ती फार थोडे वापरतात. भौगोलिक मानांकन कायद्याखाली बिदरी घडवणारा कारागीर स्वतःच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो. २०२० मध्ये या अर्जाचं शुल्क फक्त १० रुपये केलं गेलं. ही नोंद दहा वर्षं चालते आणि नूतनीकरण होतं. ती कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या खात्याला बांधलेली नसते. ती झाली की वस्तूच्या तळाशी कलमाने आपलं नाव आणि गाव कोरायचं. डब्यात चिठ्ठी टाकायला मनाई आहे, पण कारागिराने आपल्या कामावर केलेली सही ही चिठ्ठी नाही. बिदरमध्ये तार ठोकणाऱ्या हाताला ते काम पाच मिनिटांचं आहे.