नेगेवचे ऋतुमान आणि आपला विहार

अलिबाग-रेवदंड्याच्या ज्या किनाऱ्यावर आपले पूर्वज राहिले, तेथे वर्षाकाठी सरासरी 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेरशेबास तो सुमारे 200 मिलिमीटर पडतो. देशांतर केल्याने आपली भाषा, पोशाख आणि स्वयंपाक कसा बदलला ह्याची चर्चा आपण नेहमीच करतो. परंतु हवा बदलल्याने आपले चालणेफिरणे कसे बदलले, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

कोकणात आपल्या आजापणजांना मुद्दाम फिरावयास जावे लागत नसे. तेलाचा घाणा, शेत, बाजाराची वाट व समुद्रकाठ ह्यांतच श्रम आणि विहार दोन्ही होत. दिमोना, येरुहाम, बेरशेबा येथे आलेल्या पिढीने कारखान्यांत पाळ्या केल्या व निवृत्तीनंतर ती बाल्कनीत बसली. नातवंडे शाळेच्या वार्षिक सहलीस जातात. आजीआजोबा खिडकीतून हात हलवितात. भारतीय वंशाच्या माणसास मधुमेह तुलनेने कमी वजन असतानाही जडतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिलेले आहे. तेव्हा ही बैठक आपणांस इतरांपेक्षा महाग पडते.

"बाहेर जाऊन पाहावयाचे काय? नुसते दगड आणि ऊन!" असा आक्षेप आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. ऊन खरे, परंतु ते कोकणातले ऊन नव्हे. कोकणच्या दमट हवेत रात्रही उकाड्यातच जाते. येथील कोरडी हवा सूर्यास्तानंतर उष्णता धरून ठेवीत नाही. ऑगस्ट महिन्यात बेरशेबास दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास असला, तरी पहाटे तो 20 अंशांच्या जवळ उतरतो. म्हणजे उन्हाळ्यातही सूर्योदयाच्या सुमाराचा एक तास आपला आहे. तो गमावला, तर मात्र सायंकाळची वाट पाहावी. मधल्या वेळात बाहेर पडण्याचे धाडस नको.

कोरड्या हवेचा एक धोका मात्र विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोकणात घाम अंगावरून निथळतो, सदरा भिजतो, आणि माणूस आपण होऊन पाणी मागतो. नेगेवमध्ये घाम येताक्षणी उडून जातो. कातडी कोरडी राहते व माणसास वाटते की आपणांस घाम आलाच नाही. वस्तुतः कडक उन्हात चालताना तासाला लिटरभर पाणीसुद्धा शरीरातून जाऊ शकते. वृद्धांची तहान वयोमानाने मंदावलेली असते, म्हणून त्यांनी तहानेवर विसंबू नये, घड्याळावर विसंबावे. ज्यांना हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे.

येथील खरा विहाराचा काळ हिवाळा. तू बिशवातच्या सुमारास उत्तर नेगेवची माळराने हिरवी होतात व तांबडी कलानियोत फुलतात. 2013 साली हेच फूल इस्राएलचे राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडले गेले. (ती पाहावयाची, तोडावयाची नाहीत, नातवंडे हे आपल्याला सांगतीलच.) ह्याच सणास आपले लोक अलिबागेजवळील खंडाळे गावी एलियाहू हान्नाबीच्या स्थानी जात आणि पोहे, नारळ व फळांचा मलिदा करीत. तो धर्मविधी होता, तसाच उघड्या हवेतला कौटुंबिक दिवसही होता. मग मलिद्याचे ताट घेऊन यातीरच्या अरण्यात जाण्यास काय हरकत आहे? 1964 साली लागवडीस आरंभ झालेले हे अरण्य वर्षाला जेमतेम 280 मिलिमीटर पावसावर उभे आहे. पाइन वृक्षांची सावली असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही तेथे सावकाश चालता येते.

त्याच हिवाळ्या-वसंतात कोरड्या ओढ्यांपासून जपावे लागते. कोकणातली माणसे पावसाला भीत नाहीत, आणि येथे नेमके तेच घातक ठरते. नेगेवची माती व खडक पाणी शोषून घेत नाहीत. दूर डोंगरावर पाऊस झाला की ज्या ओढ्यात थेंब नव्हता तेथे काही मिनिटांत लोंढा येतो. 26 एप्रिल 2018 रोजी नाहल त्साफीत येथे अशाच पुरात दहा तरुण मृत्युमुखी पडले. पुराची सूचना असताना कोणी "आमच्याकडे तर आभाळ निरभ्र आहे" म्हणू लागला, तर त्याचे ऐकू नये.

आणि थंडीत जेव्हा दिमोनास अंगावर शाल लागते, तेव्हा तासाभराच्या अंतरावरील मृत समुद्राकाठी उबदार हवा असते. हा किनारा समुद्रसपाटीपासून 430 मीटरहून अधिक खाली आहे. हवेच्या ह्या जादा थरातून उन्हातील त्वचा जाळणारे किरण गाळले जातात, म्हणून सोरायसिसचे रुग्ण येथे उपचारास येतात. उत्तरेकडील पाणी दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जात असून तेथील जमीन खचते; एन गेदीचा सार्वजनिक किनारा ह्या खड्ड्यांपायीच बंद करावा लागला. एन बोकेक येथील पाणी वेगळ्या कुंडातले असल्याने तेथे हा प्रश्न नाही. पाण्यात शिरताना पाठ टेकून हळूच बसावे, पालथे होऊ नये; पाणी महासागराच्या सुमारे दहापट खारट आहे, ते डोळ्यांत वा घशात जाऊ देऊ नये. बाहेर येताच गोड्या पाण्याने अंग धुवावे. त्याची सोय किनाऱ्यावरच आहे.